घरटी एक गोणी

तुमच्या घरातून काल काय काय बाहेर गेलं, सांगता येईल तुम्हाला? माणसांचं विचारत नाही, कचऱ्याचं विचारतेय. दुधाच्या पिशव्या, बिस्किटांचे कागद, शॅम्पूच्या पुड्या, ऑनलाइन मागवलेल्या शर्टाची पिशवी आणि त्या पिशवीतली आणखी एक पिशवी. बादली दाराबाहेर ठेवली, घंटागाडी वाजली, विषय संपला. कुठं जाऊन संपला?

आमच्या चाळीच्या मालकांना स्वतःच्या घरचं सांगता यायचं. आमच्याही घरचं यायचं, हा त्यांचा त्रास होता.

नायगाव पूर्वेला, जूचंद्रकडं जाणाऱ्या रस्त्याच्या आतल्या अंगाला त्यांचं जुनं घर आणि त्याला लागून पत्र्याच्या खोल्यांची एक रांग. कडेची खोली आमची. गाव त्यांना दादूस म्हणायचं, आम्ही भाडेकरू मालक म्हणायचो. खोल्यांच्या मागं त्यांचं भातशेत, शेताच्या पलीकडं मातीचा बांध, बांधापलीकडं तिवरांचं रान आणि मग खाडी. बांध होता म्हणून खाडीचं खारं पाणी शेतात शिरत नव्हतं. आजूबाजूच्या सगळ्यांनी आपापली जमीन देऊन टाकली होती आणि तिथं टॉवर उभे राहिले होते. त्या टॉवरांच्या मधोमध मालकांचं शेत पावसाळ्यात असं हिरवं दिसायचं, की वरच्या मजल्यावरची माणसं गॅलरीतून त्याचे फोटो काढायची. आणि फोटो काढता काढता हातातलं वेफरचं रिकामं पाकीट खाली सोडायची.

मालक रोज सकाळी भाडेकरूंच्या बादल्या उघडून बघत. लाज नाही, परवानगी नाही.

"वैनी, काल पाव्हनं आलतं काय?" एकदा त्यांनी माझ्या आईला विचारलं.

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"दुधाच्या पिशव्या जास्त हायेत. आनि ही वेफरची पाकिटं. तुमचा मानूस तर वेफर खात नाय, त्याना डायबेटिस हाय."

आईचा पारा चढला. "शोभतं का हो तुम्हाला, दुसऱ्याच्या बादलीत डोकं घालणं?"

"तुमची बादली माज्या शेतात डोका घालते, त्याचा काय?"

खरंच होतं. वाऱ्यानं उडालेलं, कुत्र्यांनी पसरलेलं, गटारातून वाहत आलेलं सगळं शेवटी त्यांच्या शेतात जाऊन बसायचं. आवणी, म्हणजे भाताची लावणी, करताना चिखलात हात घातला की रोपाआधी पिशवी हाताला लागायची. पण त्यांचा खरा राग पिशव्यांवर नव्हता, टोकांवर होता. दुधाची पिशवी कापताना आपण कोपऱ्याचा जो इवलासा त्रिकोण कापून टाकतो, त्या टोकांवर. पिशवी दिसते, उचलता येते. टोक चिखलात हरवतं आणि कायमचं राहतं. "टोक तोरायचा नाय!" दुधाच्या वेळी चाळीसमोरून फिरत ते ओरडत. "चीर द्यायची, टोक पिशवीलाच लोंबत ठेवायचा. तुमची टोकं माज्या भातात येतान!" नव्या भाडेकरूला खोली दाखवताना नळ आणि संडास दाखवण्याआधी ते पिशवी कापून दाखवत. काहीजण तेवढ्यावरच परत गेले.

माझे वडील चळवळीतले. पाणी, जमीन, रेल्वेचं फाटक, कशासाठी ना कशासाठी आमच्या खोलीत पत्रकांचे गठ्ठे असायचे. मी वाचायला शिकले ती पत्रकांवरच. माझी पहिली अक्षरं उद्गारचिन्हासकट आली. मालक पत्रक घेत, ओट्यावर बसून अख्खं मोठ्यानं वाचत आणि परत आणून देत. "वाचला. घे पोरी, दुसऱ्याला दे." वडील म्हणत, "राहू द्या हो, कागदच तर आहे." मालक मान हलवत. निवडणुकीच्या वेळी एका उमेदवाराची गुळगुळीत, चकचकीत पत्रकं दारादारांतून पडली, तेव्हा मालकांनी ती सगळी गोळा केली आणि उमेदवाराच्याच कचेरीत नेऊन ठेवली. "तुमचा सामान आमच्याकडं राह्यला व्हता," एवढंच बोलून आले.

गावातल्या हळदीच्या जेवणाला ते घरचं पितळी ताट आणि तांब्या घेऊन जात. आमच्याकडची हळद म्हणजे लग्नाहून मोठी. मांडव, डीजे, मटणाची पातेली, आणि पंगतीत सगळ्यांपुढं थर्माकोलची ताटं. बंदी आहे म्हणतात, पण हळदीला बंदीला कुणी बोलावत नाही. मालक मांडी घालून बसले आणि आपलं ताट पुढं ठेवलं, की वाढणारी पोरं खुदखुदायची.

"काय दादूस," नवरदेवाचा काका एकदा सगळ्यांदेखत म्हणाला, "घरी ताट ठेवाला जागा नाय काय?"

"माज्या ताटाला जागा हाय रे. तुज्या ताटांना कुठं जागा हाय ते सांग. उद्या सकाली ती खाडीवरच येनार ना?"

पंगत हसली. काकाही हसला, आणि त्यांच्या ताटात मटणाचा रस्सा मुद्दाम काठोकाठ ओतला. मालकांनी तो शांतपणे प्यायला. सकाळी थर्माकोलची ताटं खाडीवर आली. कुणालाच नवल वाटलं नाही.

आता तो घंटागाडीचा दिवस.

मालक ड्रायव्हरला रोज विचारत, "कुठं नेतंस रे हे?" तो म्हणे, "डंपिंगला." "आनि मंग?" "मंग काय दादूस, तिथंच." या उत्तरानं त्यांचं समाधान होईना. एका सकाळी धुतलेला सदरा आणि टोपी घालून, पाहुणे म्हणून कुणाकडं निघावं तसे, ते गाडीत ड्रायव्हरच्या शेजारी जाऊन बसले. दुपारी परत आले ते ओट्यावरच बसले. जेवले नाहीत. मालकीणबाईंना आम्ही सगळे काकी म्हणायचो. त्यांनी दोनदा हाक मारली, तेव्हा म्हणाले, "तिथं डोंगर हाय."

"कसला डोंगर?"

"आपला." मग टोपी काढत, "धूर येते त्याच्यातून. वर गाई चरतान."

त्यानंतर त्यांनी बादल्या उघडून बघणं थांबवलं. आम्हाला बरं वाटलं. त्यांच्या डोक्यात काय शिजतंय हे आम्हाला कळलं नाही, आणि इथं मला थोडं थांबून बांधाचं सांगायला हवं.

मातीचा बांध दर वर्षी दुरुस्त करावा लागतो. चिंबोऱ्या, म्हणजे खाडीतले खेकडे, त्यात बिळं करतात, उधाणाची भरती माती खाते, आणि एकदा का खांड पडली, म्हणजे बांध मध्येच फुटला, की खारं पाणी शेतात येऊन बसतं. मग पावसानं खार धुऊन निघेपर्यंत त्या जमिनीत भात येत नाही. जुन्या काळी होळी झाली, भरतीला जोर नसलेले अष्टमीचे दिवस आले, की गावातून आरोळी फिरायची. घरटी एक माणूस! बांधाला लागून शेत असलेला यायचा, लांब शेत असलेलाही यायचा. घरात पुरुष नसला तर बाई यायची. चिखलाचे गोळे हातोहात पुढं जायचे, वरून गवताची ढेपळं लावायची आणि सगळ्यांनी मिळून पायांनी तुडवायची. मजुरी नाही. ज्याच्या शेतासमोर काम असेल त्याच्याकडं दुपारी तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकटीचं कालवण. हे मी पाहिलेलं नाही. मालक सांगायचे, आणि सांगताना त्यांचे पाय ओट्यावर बसल्या बसल्या तुडवल्यासारखे हलायचे.

शेतं गेली तशी ही आरोळीही गेली. ज्यांना शेतच नाही ते बांधावर कशाला येतील? शेवटी मालक आणि काकी असे दोघंच दर वर्षी माती लावायचे. वय झालं होतं. बांधाला एक मोठी खांड पडायला आली होती. जमिनीचा एक एजंट पावसाळ्याच्या आधी दर वर्षी चक्कर टाकायचा. "दादूस, खारं पानी आत आलं ना, मग भाव मिलनार नाय. आताच दे." मालक त्याला चहा द्यायचे आणि जमीन द्यायचे नाहीत.

आणि त्या वर्षी, घंटागाडीच्या फेरीनंतर, मालक घरोघर गेले. आमच्या खोलीत आले तेव्हा मी अभ्यास करत बसले होते. बारावीचं वर्ष. त्यांचे डोळे तापासारखे चमकत होते.

"मी घरटी एक मानूस नाय मागत," ते वडिलांना म्हणाले. "घरटी एक गोनी द्या. जे कुजत नाय ते सगला भरून द्या. मी बांधात घालतो. माती वाहून जाते, चिंबोरी पोखरते. हे तर नातवांच्या नातवापरयंत कुजनार नाय! मंग बांधाला हेच पायजे ना?"

वडील उठून उभेच राहिले. "मालक, कमाल केलीत! पत्रक काढू."

"पत्रक नको. परत कचरा. मी तोंडानं सांगीन."

त्यांना तोंडानंही फार सांगावं लागलं नाही. ज्या घरांतून वर्षानुवर्षं एक माणूस निघाला नव्हता, त्या घरांतून गोण्या धावत आल्या. टॉवरमधून लिफ्टनं खाली आल्या. गाड्यांच्या डिक्यांतून आल्या. "काका, अजून हवं असेल तर सांगा हं," असं म्हणत माणसं हात झटकून परत जायची, चेहऱ्यावर पुण्य केल्याचा आनंद. कचरा धुऊन द्या असं मालक सांगत होते, तो कुणी धुतला नाही. तो तेच विहिरीवर बसून धुवायचे, गोण्यांची तोंडं सुतळीनं शिवायचे, खांडीत रचायचे आणि वरून मातीचा हात फिरवायचे.

काकी एकट्या विरोधात होत्या. "माती मातीला धरते," त्या म्हणाल्या. "गवताचा मूल मातीला धरते. हे कोनाला धरील?"

"गोनीत हाय ना. गोनी धरील."

"गोनी पन त्यातलीच हाय."

मालकांनी ऐकलं नाही. ऐकायला लावणारं दुसरं कुणी नव्हतंच, सगळं गाव वाहवा करत होतं. एका मंडळानं त्यांचा सत्कार ठेवला. शाल, नारळ आणि पुष्पगुच्छ. मालकांनी स्टेजवरच पुष्पगुच्छाचं चकचकीत प्लास्टिक सोडवलं, घडी घालून सदऱ्याच्या खिशात ठेवलं आणि फुलं तेवढी पाहुण्यांच्या हातात परत दिली. टाळ्या थांबेनात. "आदर्श" हा शब्द त्या संध्याकाळी इतक्या वेळा उच्चारला गेला, की मालक काकींना कानात म्हणाले, "हा आदर्श कोन? तो पन येनार व्हता काय?"

पहिल्या पावसाळ्यात बांध टिकला. दुसऱ्या उन्हाळ्यात वरची माती सुकून गळाली आणि उघड्या पडलेल्या गोण्या उन्हानं कडक झाल्या. नुसता हात लावला तरी पांढरा भुगा पडायचा. कुजत नाही म्हणून ज्याच्यावर भिस्त ठेवली, ते उन्हात चुरत होतं. मालक ते बघत होते आणि आणखी गोण्या मागत होते. लोक आणखी देत होते.

श्रावणी अमावस्येच्या उधाणाला भर दुपारी पाणी चढलं. पाऊस नव्हता, लख्ख ऊन होतं. आरडाओरडा ऐकून आम्ही मागच्या बाजूला धावलो तेव्हा बांध अजून दिसत होता. मग तो मधोमध हलला. पाण्यात डुंबलेली म्हैस उठावी तशी एक गोणी उठली, मग दुसरी. हलकीच होती ती. पाण्यानं तिला उचलून बाजूला ठेवलं आणि आत यायला वाट करून घेतली. फुटलेल्या गोण्यांतून आमच्या सगळ्यांच्या घरचं सगळं बाहेर आलं आणि पोटरीइतक्या वाढलेल्या हिरव्या भातावर पसरत गेलं. निळं, पांढरं, लाल. बाटल्या, पाकिटं, तुटक्या चपला, सत्काराच्या फलकाचा तुकडा.

प्लास्टिक तरंगतं. हे शाळेतल्या पोराला माहीत असतं. माझ्या वडिलांना माहीत होतं, टॉवरमधल्या इंजिनियरांना माहीत होतं, सत्कार करणाऱ्यांना माहीत होतं. पण गोणी घराबाहेर गेली होती. ती गेल्यावर तिचं काय होणार, याचा विचार करायची आपल्याला सवयच नाही.

मालक कमरेइतक्या पाण्यात उभे राहून एकेक वस्तू पकडत होते. ओहोटी लागली तसं पाणी परत निघालं आणि जाताना अर्धा कचरा खाडीत घेऊन गेलं. ते त्याच्यामागं तिवरांपर्यंत गेले. काकी बांधावरून ओरडत होत्या, "अवो, सोरा ते! या भाईर!" ते आले तेव्हा त्यांच्या हातात गोळ्यांची रिकामी पट्टी होती. काकींच्या बीपीच्या गोळ्यांची. "ही आपली," ते म्हणाले.

एजंट त्याच आठवड्यात आला. त्याला त्या दिवशी चहा मिळाला नाही, आणि जमीनही मिळाली नाही.

पुढची वर्षं मालकांनी तिवरांत काढली. रोज ओहोटीला जायचे, मुळांत अडकलेलं सोडवून आणायचे, धुवायचे आणि कुंपणावर वाळत घालायचे. गाव आता मोकळेपणानं हसायचं. "काय दादूस, पापर घातलं काय?" ज्या मंडळानं शाल दिली होती, त्याच मंडळाच्या लोकांनी त्यांच्या कुंपणामुळं दुर्गंधी येते अशी तक्रार केली. मालक कुणाला उलटून बोलत नव्हते. हळदीला जाणंही त्यांनी सोडलं. टोकांवरून ओरडणंही सोडलं. चाळ एकदम शांत झाली. ती शांतता मला आजही सहन होत नाही.

शेतात भरतीचं पाणी येत-जात राहिलं. भात गेलं. जिथं आवणी व्हायची तिथं तिवरांची रोपं उगवली.

मी एकदा त्यांच्याबरोबर तिवरांत गेले होते. चिखलात निवट्या, ते बोटभर मासे, उड्या मारत होत्या, आणि मालक एका मुळाभोवती गुंडाळलेली पिशवी गाठ सोडवावी तशी हळूहळू सोडवत होते. मी रागानं म्हणाले, "मालक, सगळ्यांनी तुम्हाला फसवलं. एकानं तरी सांगायला नको होतं?"

"फसवला नाय बाय. सगली हो बोलली." पिशवी सुटली. ती त्यांनी पाण्यात खळबळली. "मना मानसं मागाला पायजे व्हती. घरटी एक मानूस. लाज वाटली मना. वाटला, नाय बोलतील. कचरा मागला तर कोन नाय बोलते?"

एवढंच. त्यांनी ते तक्रार म्हणून सांगितलं नाही, आणि म्हणूनच ते माझ्या मनातून जात नाही. एका म्हाताऱ्या माणसाला आपण इतके ओळखीचे झालो होतो, की आपल्याकडं काय मागावं आणि काय मागू नये हे त्याला न विचारता कळत होतं. माणूस मागितला असता तर आपण नाहीच म्हणालो असतो. मग सत्कारही झाला नसता, आणि बांधही कदाचित आधीच फुटला असता. पण तो निदान मातीचा बांध फुटला असता.

मालक गेल्या पावसाळ्यात वारले. काकींनी त्यांचं पितळी ताट ओट्यावर उपडं ठेवलंय. एजंट येतो. काकी त्याला चहा देतात, जमीन देत नाहीत. शेताच्या एका कोपऱ्यात, जिथं तिवरं अजून आलेली नाहीत, तेवढ्यात तरी पुन्हा भात लावायचं असं त्यांनी मनात धरलंय. त्यासाठी तिवरांच्या अलीकडून मातीचा नवा, छोटा बांध घालावा लागेल. "घालील कोन?" असं मी विचारलं, तर म्हणाल्या, "तू लिवतेस ना? मंग लिव. त्याना लाज वाटली, मना नाय वाटत."

म्हणून लिहिते.

होळीनंतरच्या पहिल्या अष्टमीला, सकाळी खाडीचं पाणी उतरायला लागलं की काकींच्या ओट्यासमोर या. घरटी एक माणूस. जूचंद्रमधून या, नायगावच्या टॉवरमधून या, आमच्या चाळीत पूर्वी राहून गेला असाल तर नक्की या. आधी तिवरांत जायचं आहे. तिवराच्या फांदीला धक्का लावायचा नाही, मुळांत अडकलेल्या मालकांच्या गोण्या, म्हणजे आपल्याच गोण्या, तेवढ्या सोडवायच्या आहेत. त्या तिथून निघून पुन्हा त्याच धूर निघणाऱ्या डोंगरावर जाणार, हे मला माहीत आहे. त्याला माझ्याकडं उत्तर नाही. उद्या तुमच्या घरातून काय बाहेर पडतं, त्यातच काही उत्तर असेल तर असेल. मग बांधावर माती. हात नसतील तर पाय चालतील, तुडवायलाही माणसं लागतात. दुपारी भाकरी आणि सुकटीचं कालवण काकींकडं आहे. ताट घरून आणा.

पैसे पाठवू नका. कामवाल्या माणसाला पाठवू नका. गोणी तर पाठवूच नका. स्वतः या.

आणि हे वाचून झालं असेल तर ठेवून घेऊ नका. शेजारच्या दारात द्या.